दोनशे, तेराशे आणि पडून राहिलेला निधी: तक्रार नेमकी कुणाकडे करायची?

दापोली तालुक्यातल्या एका ग्रामपंचायत सदस्य ताईंचा प्रश्न आहे. थोडक्यात असा: सासूबाईंना श्रावणबाळ योजनेचा पगार, म्हणजे म्हातारपणाची पेन्शन, मिळते. पासबुकात कधी १३०० जमा होतात, कधी नुसते २००, कधी दोन-दोन महिने काहीच नाही. शेजारच्या आजींना मात्र एकरकमी १५०० येतात. धाकट्या जाऊबाईंचं नाव रेशनकार्डावर चढलं, पण त्यांच्या नावाचं धान्य येत नाही. ग्रामपंचायतीच्या खात्यात पंधराव्या वित्त आयोगाचा पैसा शिल्लक आहे, तरी पर्‍ह्यावरचा साकव, म्हणजे ओढ्यावरचा छोटा पूल, त्यातून होणार नाही असं ग्रामसेवक सांगतात. तहसीलमध्ये म्हणतात केंद्राचं आहे, पुढारी म्हणतात राज्याचं आहे. मग हे चालवतं कोण? आणि युरोपात एवढे देश एकत्र आले आहेत, तिथेही असंच असतं का?

ताई, तिन्ही तक्रारी वरवर सारख्या दिसतात, पण सासूबाईंची अडचण पैशाच्या वाटणीची आहे, जाऊबाईंची यादीची आहे आणि साकवाची नियमाची. आपल्या राज्यघटनेचं पहिलंच कलम सांगतं की भारत हा राज्यांचा संघ आहे. अशा संघात एकाच योजनेत पैसा एकाचा, यादी दुसऱ्याची आणि शेवटची सही तिसऱ्याची असू शकते. म्हणून ‘ही योजना कुणाची’ असं विचारलं की प्रत्येक टेबलावर खरं पण अर्धवट उत्तर मिळतं. त्यापेक्षा आपलं काम नेमकं कशात अडलंय ते आधी ओळखायचं. रक्कमच तोकडी असेल तर तालुक्याला दोष देऊन काही होत नाही, तो निर्णय दिल्लीत किंवा मंत्रालयात होतो. मंजूर रक्कम उशिरा येत असेल किंवा मधेच थांबली असेल तर कारण बहुतेक वेळा तालुक्यात नाहीतर बँकेत सापडतं. नावच यादीत नसेल तर तिसरीच वाट धरावी लागते. तुमचा गाव, बँक आणि मंजुरीचं वर्ष यानुसार तपशील थोडे बदलतील, पण शोधायची रीत हीच.

आधी सासूबाईंचा पगार. श्रावणबाळ योजनेत दोन गट आहेत, गट अ आणि गट ब. दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव असलेले गट अ मध्ये येतात. त्यांना केंद्राच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय वृद्धापकाळ योजनेतून २०० रुपये मिळतात आणि राज्य आपल्या तिजोरीतून १३०० घालून महिन्याचे १५०० करतं. दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव नाही, पण कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत आहे, असे लोक गट ब मध्ये. त्यांचे सगळे १५०० राज्याचे. तुमच्या सासूबाई गट अ च्या आहेत आणि शेजारच्या आजी गट ब च्या, हे पासबुकावरूनच कळतं. दोघींचा हक्क सारखाच, फक्त सासूबाईंचा पैसा दोन तिजोऱ्यांतून येतो आणि त्या दोन तिजोऱ्या एकाच दिवशी उघडत नाहीत.

केंद्राचा हिस्सा राज्याला हप्त्याहप्त्याने मिळतो. आधीच्या हप्त्याचा हिशेब आणि उपयोगिता प्रमाणपत्र वर गेल्याशिवाय पुढचा हप्ता सुटत नाही. त्यामुळे २०० रुपये दोन-तीन महिने अडकतात आणि मग ४०० किंवा ६०० एकदम पडतात. म्हणून तक्रार करण्याआधी एक काम करा. पासबुक भरून आणा आणि मागच्या बारा महिन्यांच्या नोंदी कागदावर दोन रकान्यांत मांडा, एकात २०० च्या पटीतल्या आणि दुसऱ्यात १३०० च्या पटीतल्या. बारा महिन्यांचे २४०० आणि १५,६०० व्हायला हवेत. पहिल्या रकान्यातच तूट दिसली तर केंद्राचा हप्ता मागे आहे, तो बहुधा पुढे थकबाकीसह येईल. दुसऱ्या रकान्यात तूट असेल तर तहसीलच्या संजय गांधी योजना शाखेत, म्हणजे संगायोत, तोच कागद दाखवून कोणत्या महिन्याचं देयक निघालं नाही ते विचारा. ‘पगार येत नाही’ असं तोंडी सांगितलं की ‘येईल’ एवढंच उत्तर मिळतं. महिना आणि रक्कम लिहून नेली की कारकुनाला यादी उघडून बघावी लागते.

दोन्ही रकाने एकाच महिन्यापासून कोरडे पडले असतील तर तिजोरीचा संबंध नाही, खात्यात काहीतरी बिघडलं आहे. अशी प्रकरणं फार असतात आणि ती विनाकारण महिनोन्‌महिने रेंगाळतात. थेट लाभ हस्तांतरणाचा पैसा खाते क्रमांक पाहून जात नाही, आधार क्रमांकावर जातो. एका आधारला चार खाती जोडलेली असू शकतात, पण सरकारी पैसा त्यांतल्या एकाच खात्यात उतरतो, सहसा ज्या बँकेत सर्वांत शेवटी आधारची संमती दिली असेल तिथे. गावात पोस्ट पेमेंट बँकेचं शिबिर लागलं, आजींनी अंगठा दिला, नवं खातं उघडलं, की पुढच्या महिन्यापासून पगार तिकडे वळतो. जिल्हा बँकेचं जुनं पासबुक कोरं राहतं आणि घरात समज होतो की पगार बंद झाला. आधारच्या अधिकृत संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’ पाहिलं की सध्या कोणती बँक लागलेली आहे ते कळतं. मोबाईल आधारला जोडलेला नसेल तर *९९*९९*१# हा क्रमांक लावून आधार टाकलं तरी दिसतं. खातं परत जुन्या बँकेत आणायचं असेल तर त्या बँकेत जाऊन नव्याने संमतीचा फॉर्म द्यावा लागतो. तहसीलदारांना ते बदलता येत नाही, त्यामुळे त्यांच्याकडे अर्जावर अर्ज करत बसू नका.

पगार थांबायची कोकणातली आणखी दोन कारणं सांगते. आजी पावसाळ्यात मुंबईला लेकाकडे जातात आणि हयातीची वार्षिक पडताळणी चुकते. पडताळणी चुकली की नाव थांबतं, आणि पुन्हा सुरू करायला अर्ज लागतो. दुसरं कारण नावाचं. आधारवर सासरचं नाव, बँकेत माहेरचं, मंजुरीच्या आदेशात आडनावाऐवजी गावाचं नाव, असं असलं की संगणक त्यांना तीन वेगळी माणसं समजतो. तिन्ही कागद एकदा शेजारी ठेवून अक्षर न्‌ अक्षर जुळवा.

आता रकमेकडे. केंद्राचे ते २०० रुपये २००७ च्या सुमारास ठरले आणि आजतागायत तेच आहेत. ऐंशी वर्षं पूर्ण झाली की केंद्राचा वाटा ५०० होतो, पण एकूण आकडा राज्याने १५०० ठरवला असल्याने राज्याचा वाटा तेवढा कमी होतो आणि आजींच्या हातात जास्त काही पडत नाही. विधवांसाठी केंद्राचे ३०० आहेत, तेही २०१२ पासून. म्हणजे सामाजिक सुरक्षेचा तळ संघाने घातला, पण तो उंचावला नाही आणि वरची सगळी बांधणी राज्याच्या अंगावर आली. महाराष्ट्राने जुलै २०२३ मध्ये १००० चे १५०० केले ते स्वतःच्या पैशाने. माझं मत स्पष्ट आहे: केंद्राचा वाटा महागाईशी जोडायला हवा. जे राज्य गरीब आहे ते वर घालू शकत नाही, आणि मग एकाच देशातल्या दोन म्हाताऱ्या माणसांचा पगार त्यांच्या राज्याच्या ऐपतीवर ठरतो.

राज्याने तरी मग आणखी का वाढवू नये? इथे तुमचा युरोपचा प्रश्न कामाला येतो. युरोपीय संघात २७ देश आहेत. त्या संघाचं स्वतःचं अंदाजपत्रक सगळ्या सदस्य देशांच्या एकत्र उत्पन्नाच्या एक टक्क्याच्या आसपास असतं. एवढ्या पैशात कुणाला पेन्शन देता येत नाही, म्हणून पेन्शन, बेकारी भत्ता, दवाखाना हे सगळं प्रत्येक देश आपापल्या करातून भागवतो. संघ मुख्यतः मर्यादा घालतो. १९९२ च्या मास्ट्रिख्ट करारापासून सरकारी तूट देशाच्या एकूण उत्पन्नाच्या ३ टक्के आणि कर्ज ६० टक्के ही सीमा आहे. २०१७ मध्ये गोथेनबर्गला त्यांनी सामाजिक हक्कांची वीस तत्त्वं जाहीर केली, पण ती तत्त्वं दाखवून एखाद्या म्हाताऱ्या माणसाला थेट संघाकडून पैसे मागता येत नाहीत. तिथली तक्रार नेहमीची अशी, की झाकण संघाच्या हातात आणि भांडं मात्र आपलं.

आपल्याकडे रचना उलटी आहे. मोठे कर केंद्र गोळा करतं आणि वित्त आयोगाच्या शिफारशीने वाटतं. पंधराव्या आयोगाने वाटपयोग्य करातला ४१ टक्के हिस्सा सर्व राज्यांना मिळून ठेवला, त्यातला ६.३१७ टक्के महाराष्ट्राचा. उपकर आणि अधिभार या वाटपात येत नाहीत, म्हणून केंद्राची एकूण वसुली पाहून ४१ टक्क्यांचा हिशेब केला की तो चुकतो. झाकण मात्र आपल्याकडेही आहेच. राज्याने वर्षाला साधारण राज्याच्या एकूण सकल उत्पन्नाच्या ३ टक्क्यांपर्यंत कर्ज काढावं असा दंडक आहे, आणि केंद्राचं देणं बाकी असलेल्या राज्याला घटनेच्या २९३ व्या कलमानुसार नव्या कर्जासाठी केंद्राची संमती लागते. त्यात २०१७ मध्ये वस्तू आणि सेवा कर आला तेव्हा विक्रीकराचे दर एकट्याने ठरवायचा अधिकार राज्यांनी सोडला. आता दर केंद्र आणि राज्यांच्या जीएसटी परिषदेत ठरतात. तिथे केंद्राच्या मताला एक तृतीयांश वजन, सगळ्या राज्यांना मिळून दोन तृतीयांश, आणि निर्णयाला तीन चतुर्थांश लागतं. म्हणजे केंद्राच्या विरोधात काही मंजूर होत नाही, आणि एकट्या केंद्रालाही काही मंजूर करता येत नाही. राज्याला स्वतःहून वाढवता येतील असे मोठे कर उरले ते दारू, पेट्रोल-डिझेल आणि मुद्रांक शुल्क. पगार १५०० वरून वाढवायचा म्हणजे यांतलं काही वाढवायचं, नाहीतर दुसरं एखादं काम थांबवायचं. आमदारांकडे मागणी नेताना हेही विचारा, की पैसा कुठून काढणार. त्यामुळे मागणीला वजन येतं.

आता जाऊबाईंचं धान्य. कार्डावर नाव असणं आणि धान्याला नाव लागणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा २०१३ चा. त्यात देशाच्या ग्रामीण लोकसंख्येपैकी ७५ टक्के आणि शहरी ५० टक्के लोकांपर्यंत धान्य पोचवायचं ठरलं, आणि प्रत्येक राज्याला त्याचा आकडा दिला. महाराष्ट्राला ग्रामीण ७६.३२ टक्के आणि शहरी ४५.३४ टक्के, मिळून सुमारे ७ कोटी माणसं. हा आकडा २०११ च्या जनगणनेवर बसवलेला आहे आणि पुढची जनगणना होऊन तो बदलेपर्यंत तसाच राहणार. राज्याने तो जिल्ह्यांत वाटला, जिल्ह्याने तालुक्यांत. यालाच पुरवठा शाखेत इष्टांक म्हणतात. ‘इष्टांक भरला आहे’ असं उत्तर मिळालं तर कुणी अडवणूक करतंय असं लगेच समजू नका. जागा खरोखरच नसते.

जागा रिकामी कशी होते हे मात्र गावाच्या हातात आहे. मयत झालेल्यांची, लग्न होऊन दुसरीकडे गेलेल्या मुलींची, दोन ठिकाणी लागलेली नावं कमी झाली की तेवढी माणसं आत घेता येतात. ग्रामसभेत दुकानाची यादी वाचायला लावा. मृत्यू नोंदवही ग्रामपंचायतीतच असते, तिच्याशी यादी ताडून मयतांची नावं लेखी तहसीलला पाठवा आणि त्याच पत्रात प्रतीक्षेतल्या कुटुंबांची नावं द्या, उत्पन्नाच्या दाखल्यासह. ग्रामीण भागात प्राधान्य कुटुंबासाठी वार्षिक ४४,००० रुपयांची मर्यादा राज्याने ठरवली आहे. जाऊबाईंचं नाव माहेरच्या कार्डावरून कमी झालं आहे का, हेही आधी पाहा. तिथे आधार लागलेलं असेल तर इकडे ते चढत नाही, आणि नवीन सुनांच्या बाबतीत बहुधा हेच निघतं.

इथेच एक सावधगिरी. यादी साफ करण्याच्या भरात चाकरमान्यांची नावं सरसकट काढू नका. ‘एक देश, एक रेशनकार्ड’ ऑगस्ट २०१९ मध्ये सुरू झालं, आणि पहिल्या जोड्यांत महाराष्ट्र-गुजरातच होते. त्यामुळे गावच्या कार्डावर नाव असलेला मुलगा दिवा-नालासोपाऱ्याच्या दुकानात अंगठा लावून आपला पाच किलोचा वाटा उचलू शकतो आणि बाकीच्यांचा वाटा गावात राहतो. तेच नाव गावातून काढून मुंबईत चढवायला गेलं तर तिथल्या इष्टांकात जागा असेलच असं नाही, आणि माणूस दोन्हीकडून जातो. ई-केवायसी मात्र प्रत्येक नावाची हवी, ती तो राहतो तिथल्या दुकानात करून घेता येते. हर्णैच्या किंवा मिरकरवाड्याच्या बंदरावर कर्नाटकातून आलेले खलाशीही याच सोयीने इथे धान्य घेऊ शकतात. नेपाळहून आंब्याच्या बागा राखायला येणाऱ्या गड्यांना ही सोय नाही, कारण ते या संघाचे नागरिक नाहीत. युरोपीय संघाने पैसा थोडा ठेवला, पण हे एक काम नीट बांधलं. एक माणूस तीन देशांत नोकरी करून म्हातारा झाला तर तिन्ही देशांतली वर्षं एकत्र मोजली जातात आणि प्रत्येक देश आपापल्या वाट्याची पेन्शन देतो. आपल्याकडे धान्य माणसाबरोबर फिरायला लागलं, श्रावणबाळचा पगार अजून राज्याच्या हद्दीत अडकलेला आहे.

आता तुमच्या खात्यातला पैसा. पंधराव्या वित्त आयोगाचा काळ २०२१ ते २०२६ आणि सोळाव्याचा २०२६ ते २०३१. तुमची शिल्लक पंधराव्याची आहे, म्हणून तिला पंधराव्याचेच नियम लागू. महाराष्ट्रात या निधीचे १० टक्के जिल्हा परिषदेला, १० टक्के पंचायत समितीला आणि ८० टक्के ग्रामपंचायतींना असं ठरलं. तुमच्या वाट्यातले ६० टक्के बंधित, म्हणजे ठरलेल्या कामांनाच वापरायचे, आणि ४० टक्के अबंधित, म्हणजे मोकळे. बंधितातले निम्मे पिण्याचं पाणी, पावसाचं पाणी साठवणं आणि पुनर्वापर यासाठी, निम्मे स्वच्छतेसाठी. समजा वर्षाला ८ लाख आले, तर २ लाख ४० हजार पाण्याला, २ लाख ४० हजार स्वच्छतेला आणि ३ लाख २० हजार अबंधित. पगार आणि कार्यालयीन खर्चाला यातलं काहीच वापरता येत नाही.

ग्रामसेवक जेव्हा ‘पैसा आहे पण करता येत नाही’ म्हणतात तेव्हा बहुधा बंधित रक्कम शिल्लक असते आणि अबंधित संपलेली असते. साकव हा पाण्यावरून जातो, पण तो पाणीपुरवठ्यात बसत नाही. तेव्हा पहिला प्रश्न विचारा: शिल्लक कोणत्या शीर्षात किती? ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर तुमच्या गावाचं पान कुणालाही उघडता येतं, तिथे गावाचा वार्षिक विकास आराखडा आणि झालेला खर्च दोन्ही दिसतात. दुसरा प्रश्न: काम आराखड्यात आहे का? आराखड्यात न चढवलेल्या कामाचं देयक त्या प्रणालीतून निघत नाही, ग्रामसभेने कितीही ठराव केले तरी. काम चढवताना ते चुकून दुसऱ्या शीर्षात टाकलं गेलं तरी तिथेच अडतं. मग तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, कार्यादेश, शाखा अभियंत्याची मापन पुस्तिकेतली नोंद, आणि शेवटी ग्रामसेवक व सरपंच दोघांच्या डिजिटल सह्या. सरपंच बदलले आणि नव्या सरपंचांच्या सहीची नोंदणी लांबली की पूर्ण झालेल्या कामाचे पैसेही खात्यात पडून राहतात. निवडणूक झाली की पहिल्या आठवड्यात हे काम हातावेगळं करा.

पैसा खाली येतानाचे दोन नियम सदस्यांना माहीत असावेत. केंद्राकडून आलेला हप्ता राज्याने दहा कामकाजाच्या दिवसांत पुढे सोडायचा असतो, उशीर झाल्यास व्याजासह. आणि निवडून आलेली संस्था असेल तरच निधी. २०२२ मध्ये जिल्हा परिषदांची मुदत संपली, प्रशासक बसले आणि त्यांच्या व पंचायत समित्यांच्या वाट्याच्या दहा-दहा टक्क्यांवर संक्रांत आली. निवडणूक लांबण्याची किंमत गावातल्या कामाने अशी चुकवली.

बंधित ठेवणं चूक आहे का? पाण्यापुरतं मला ते योग्य वाटतं. मोकळा पैसा हातात आला की सभामंडप आणि कमान आधी उभी राहते आणि विहिरीचा गाळ पुढच्या वर्षावर जातो, असा सर्वत्र अनुभव आहे. स्वच्छतेच्या वाट्यात मात्र लवचीकपणा हवा होता. थोडा आहेही, पण फार कमी गावं तो वापरतात: एका बाबतीतली गरज पूर्ण भागली असेल तर तसा ग्रामसभेचा ठराव करून आणि वरून शिक्कामोर्तब घेऊन तो पैसा दुसऱ्या बंधित बाबीला वळवता येतो. स्वच्छतेचा वाटा पाण्याला नेता येतो, साकवाला मात्र नाही.

खरी गैरसोय सूत्रात आहे, आणि यावर कोकणातून आवाज उठला पाहिजे. आयोगाने स्थानिक संस्थांचा निधी राज्याराज्यांत वाटताना ९० टक्के भार लोकसंख्येला आणि १० टक्के क्षेत्रफळाला दिला, आणि खालीही मुख्यतः डोकीच मोजली जातात. आता आपल्याकडे पाहा. २००१ ते २०११ या दहा वर्षांत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ वर आली, सिंधुदुर्गाची ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१ वर. २०११ ला रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे ११२२ बायका होत्या. कमावता पुरुष मुंबईत मोजला जातो, त्याच्यामागून निधीही तिकडे जातो, आणि इथे उरलेल्या म्हाताऱ्या माणसांना सेवा जास्त लागते.

वाड्यांचा प्रश्न तर आकड्यात दिसतच नाही. देशावर बाराशे वस्तीचं गाव एका गावठाणात बसतं, एक टाकी आणि दोन गल्ल्यांची पाईपलाईन पुरते. आपल्याकडे तेच बाराशे लोक आठ-नऊ वाड्यांत, मधे सडा, म्हणजे खडकाळ माळ, आणि दोन पर्‍हे. दर घरामागे पाईप कितीतरी पट, चढ असल्याने पंपाचं बिल जास्त, आणि जांभ्यात पाणी टिकत नसल्याने एवढा पाऊस पडूनही एप्रिलात विहिरीचा तळ दिसतो. जलजीवनच्या माणशी ५५ लिटरच्या हिशेबाने बाराशे लोकांना दिवसाला ६६,००० लिटर लागतात. मे महिन्यात चाकरमानी येऊन गावात दोन हजार माणसं झाली की गरज १,१०,००० लिटर होते, नेमकी झरा सर्वांत बारीक झालेला असताना. योजना ६६,००० ची, आणि मग लोक म्हणतात योजना फसली.

हे सूत्र तुम्ही एकट्या बदलू शकणार नाही, पण त्याचा पुरावा तयार करू शकता. या शिमग्यापासून पाणी समितीच्या वहीत आठवड्यातून एकदा तीन नोंदी ठेवा: विहिरीतल्या पाण्याची पातळी दोरीने मोजून फुटात, पंप किती तास चालला, उघडी घरं किती. जूनपर्यंत पंधरा-सोळा ओळी होतील. त्या आराखड्याला जोडा आणि तालुक्यातल्या दहा ग्रामपंचायतींनी मिळून राज्याच्या वित्त आयोगाकडे निवेदनासोबत पाठवा. घटनेच्या २४३-आय कलमाने दर पाच वर्षांनी हा आयोग नेमायचा असतो आणि राज्याचा पैसा गावागावांत कसा वाटायचा हे तोच सुचवतो. वाड्यांची संख्या आणि उंचसखलपणा सूत्रात आणायचा मार्ग तिथून जातो, दिल्लीहून नाही. बंधित शिल्लक असेल तर दरम्यान गाळ काढा, शाळेच्या छपराचं पाणी साठवायची टाकी बांधा. पाऊस थांबला की नोव्हेंबर-डिसेंबरात, पर्‍ह्याला वाहतं पाणी असतानाच, रिकाम्या सिमेंटच्या पोत्यांचे वनराई बंधारे घाला. जानेवारीत घातलेल्या बंधाऱ्यामागे अडवायला पाणीच उरत नाही.

राहता राहिला साकव. तो अबंधित ४० टक्क्यांत बसू शकतो, पण एका वर्षाच्या पैशात सहसा होत नाही. त्यासाठी जिल्हा वार्षिक योजनेत साकवांचं वेगळं शीर्ष असतं आणि डोंगरी विकास कार्यक्रमातूनही काम घेता येतं. ग्रामसभेचा ठराव, पर्‍ह्याच्या दोन्ही काठांचे सातबारा किंवा जमीनमालकांचं संमतीपत्र, पावसाळ्यात किती मुलं शाळेला कोणत्या वाटेने किती वळसा घालून जातात याची यादी, आणि पूर आलेल्या दिवसाचे दोन फोटो, एवढं घेऊन जिल्हा परिषदेच्या बांधकाम उपअभियंत्याकडून आधी अंदाजपत्रक करून घ्या. अंदाजपत्रक नसलेलं काम जिल्हा नियोजन समितीपुढे जात नाही. जमिनीचं संमतीपत्र सर्वांत आधी मिळवा. कोकणात एका सातबारावर वीस-वीस नावं असतात, त्यातली निम्मी मुंबईत, आणि मंजूर झालेले साकव सर्वांत जास्त तिथेच अडतात. गणपतीला सगळे गावात असतात, सह्या तेव्हाच घ्या.